सूर्यकन्येचा परिवार
(तापी जयंतीनिमित्त झालेले प्रवचन)



आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीमातेचा जन्मदिवस. ह्या दिवशी सुरतेच्या ओवाऱ्यांवर तिचे पूजन होते, तिला चुनडी अर्पण केली जाते, आणि तिकडे सातपुड्याच्या पठारावर, तिच्या उगमस्थानी मुलताई येथेही हाच उत्सव चालतो. गंगेच्या स्नानाने, नर्मदेच्या दर्शनाने आणि तापीच्या केवळ स्मरणाने सारखेच पुण्य लाभते, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. आजचा दिवस त्या स्मरणाचा. परंतु स्मरण म्हणजे नुसता नामोच्चार असे समजू नये. ज्या मातेचे स्मरण करावयाचे तिचे कूळ कोणते, तिचा परिवार केवढा, तिने कोणाकडून काय घेतले आणि कोणास काय दिले, हे चित्तात आणल्यावाचून ते स्मरण पुरते होत नाही.

काही वर्षांपूर्वी ह्याच तिथीला मी नानपुऱ्याच्या ओवाऱ्यावर उभा होतो. शेजारी एक वृद्ध आजी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्यांचे गाव चांगदेवाजवळचे. मुलगा येथे मागाच्या कारखान्यात कामाला, म्हणून म्हातारपणी त्याही सुरतेस आल्या होत्या. ओंजळभर पाणी कपाळाला लावून त्यांनी विचारले, "बुवा, हे आमच्या चांगदेवावरूनच येतं ना हो?" मी म्हटले, "होय आजी, तेच पाणी." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तिकडचं सगळं इकडे येतं. पाणी आलं, माझा लेक आला, आता मीही आले. मग इकडून तिकडे काय जातं हो?"

मी प्रवचन करणारा माणूस, शब्दांवर उपजीविका करणारा. परंतु त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचे हे निरूपण म्हणजे त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. तो प्रश्न एकट्या त्यांचा नाही. ह्या सभामंडपात बसलेल्या पुष्कळ कुटुंबांचा तो आहे, म्हणून आपण नदीच्याच वाटेने जाऊन उत्तर मिळते का पाहू.

उगमापासून संगमापर्यंत

मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताई नावाचे गाव आहे. मूळ तापी, म्हणून मुलतापी, आणि लोकांच्या तोंडी मुलताई. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असलेल्या ह्या ठिकाणी तापीचा जन्म होतो. तेथून सुरतेजवळ डुमसच्या बाजूस ती सागराला मिळेपर्यंत तिचा प्रवास ७२४ किलोमीटरांचा. भारतातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जात असता तापी व नर्मदा ह्या दोघी पश्चिमवाहिनी. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर, ह्यांच्यामधील खोलगट भूमीतून तापी वाहते.

उगमापाशी ती अगदी लहान आहे. मेळघाटच्या अरण्यातील खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार ह्या पाच वनकन्यांचे पाणी तिला मिळते. पुढे बऱ्हाणपूर लागते. त्या नगरात सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला कुंडी भंडारा अद्याप आहे. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपत येणारे पाणी विहिरींच्या मालिकेतून आणि भुयारातून नगरापर्यंत आणण्याची ती योजना. नदी डोळ्यांना जेवढी दिसते तेवढीच नसते, हे तेथे गेल्यावर कळते.

बऱ्हाणपूर मागे टाकून तापी खानदेशात उतरते आणि येथे तिची चाल पालटते. मैदान सपाट, पात्र रुंद, काठ उंच आणि प्रवाह संथ. हिवाळ्यात व उन्हाळ्यात खानदेशातील तापी पाहावी. वाहते आहे की थांबली आहे, असा प्रश्न पडावा. संथपणाला आपण दोष मानतो. परंतु वाटेत भेटावयास येणाऱ्या प्रत्येकीसाठी जिला थांबावयाचे आहे, तिने धावून कसे चालेल?

पूर्णा आणि मुक्ताई

पहिली मोठी भेट पूर्णेची. तापीच्या उपनद्यांत पूर्णा सर्वांत थोर. संपूर्ण खोऱ्याचा चतुर्थांशाहून अधिक भाग एकट्या तिचा. सातपुड्याच्या गाविलगड भागातून निघून ती अमरावती, अकोला, बुलढाणा ह्या वऱ्हाडच्या काळ्या भूमीतून येते. आता तिचे दुःखही ऐकावे. तिच्या दोन्ही काठांस मोठा खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते खारट. पिण्यास नकोसे आणि पिकास दिले तर जमीन बिघडविणारे. नाव पूर्णा, आणि काठची माणसे गोड्या पाण्यासाठी आकाशाकडे डोळे लावून बसलेली! असा सारा भोग घेऊन ती तापीपाशी येते, आणि तापी तिला 'तू कोठल्या मातीतून आलीस' असे विचारीत नाही.

हा संगम चांगदेव येथे, आजच्या मुक्ताईनगर तालुक्यात आहे. योगी चांगदेवांची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. चौदाशे वर्षे आयुष्य जिंकलेले, वाघावर स्वार होऊन, हाती सर्पाचा आसूड घेऊन ते ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघाले, असे परंपरा सांगते. पत्र लिहावयाचे तर मायना काय घालावा, ज्ञानाने मोठ्या परंतु वयाने लहान अशा पुरुषास आशीर्वाद लिहावा की नमस्कार, ह्या विचारात त्यांनी कोराच कागद धाडला. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांच्या पासष्ट ओव्या आपणांस लाभल्या. आणि एवढ्या थोर योग्याला शेवटी गुरू मिळाला तो कोण? अल्पवयीन मुक्ताई! ज्याला मायना सुचत नव्हता, त्याला मस्तक कोठे ठेवावे हे मात्र सुचले. तीच मुक्ताई शके १२१९ मध्ये तापीच्या ह्याच परिसरात विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. आजही तिची पालखी तापीकाठावरून पंढरीस जाते.

संगमाच्या ठिकाणी ही कथा घडावी, ह्यात मला मोठा अर्थ दिसतो. संगम म्हणजे मोठ्याने लहानाला गिळणे, असे कित्येकांना वाटते. पूर्णेचे नाव संगमाशी संपते, हे खरे. परंतु तिचे पाणी संपत नाही. तेथून पुढे ज्याला आपण तापी म्हणतो त्यात पूर्णा आहेच. चांगदेवांनी मोठेपण टाकले आणि ते लहान झाले नाहीत. पूर्णेने नाव टाकले आणि ती कोरडी झाली नाही.

मोठीला जमले नाही ते लहानींनी केले

चांगदेवाच्या पुढे परिवार वाढतच जातो. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारा वाघोरा आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. भिक्षूंनी ज्याच्या काठी शतकानुशतके ध्यान केले, त्या प्रवाहाचे पाणी वाघूर नदीने तापीला येऊन मिळते. गिरणा सह्याद्रीत, सप्तशृंगीच्या प्रदेशात, कळवण तालुक्यात उगम पावते. मालेगावी तिला मोसम मिळते, आणि जळगाव जिल्ह्यात ती तापीशी एकरूप होते. बोरी अमळनेरवरून येते. तिच्या पात्रातच संत सखाराम महाराजांची समाधी आहे आणि वैशाखात तेथे मोठी यात्रा भरते. पांझरा साक्री तालुक्यातून धुळ्यास येते व तेथून उत्तरेस वळून मुडावदजवळ तापीला भेटते. उजव्या बाजूने सातपुड्याच्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई ह्या लेकी उतरतात. गोमाईच्या संगमावर प्रकाशे हे क्षेत्र आहे, ज्यास आपण दक्षिणकाशी म्हणतो.

गिरणा आणि पांझरा ह्यांची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ह्या दोघींचा जन्म पश्चिमेस, सह्याद्रीत. तेथून समुद्र फार दूर नाही. परंतु त्या निघतात समुद्राकडे पाठ करून, पूर्वेच्या दिशेने. कोणी पाहील तर म्हणेल, ह्यांची वाट चुकली. त्या खानदेशभर फिरतात, मळे पिकवितात, उत्तरेस वळून तापीला मिळतात आणि तिचा हात धरून पुन्हा पश्चिमेस, त्याच सागराकडे येतात. ईश्वराकडे पाठ करून संसाराच्या दिशेने निघालेल्या गृहस्थाला ह्याहून धीराचे उदाहरण कोणते द्यावे? वाटेत ज्याने शेते भिजविली, त्याची वाट चुकली असे म्हणता येत नाही.

आता एका गोष्टीवर थोडे थांबू. खानदेशात तापीचे काठ फार उंच आहेत. त्यामुळे एवढी मोठी नदी दाराशी असून तिचे पाणी पाटाने शेतात नेणे पूर्वीच्या लोकांना साधत नसे. ज्यांनी शेतांना पाणी दिले त्या लहान नद्या, विशेषतः पांझरा, मोसम ह्यांसारख्या. त्यांच्यावर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून गावकऱ्यांनी जी पद्धत चालविली तिला 'फड' म्हणतात. ती तीनशे वर्षांहून जुनी मानली जाते. आपल्यापैकी धुळे-साक्रीकडील वडीलधाऱ्या मंडळींना ती ठाऊक असेल, तरुणांसाठी सांगतो.

बंधाऱ्यातून पाट निघे. पाटाखालील सर्व जमिनीचे सामान्यतः तीन किंवा चार भाग करीत, तेच फड. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्या फडात हंगामी पीक, कोणता फड कोरडा ठेवावयाचा, हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पाणी देणारा पाटकरी, देखरेख करणारा हवालदार, राखण करणारा जागल्या. ह्यांचा मोबदला धान्यात. पाणी भरपूर असले तर सगळे फड भिजत. पाणी अपुरे पडले तर भिजणाऱ्या फडांची संख्या कमी होई. परंतु प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे एकाचे शेत हिरवे आणि दुसऱ्याचे करपलेले, असे होत नसे. सुकाळही सर्वांचा आणि दुष्काळही सर्वांचा.

बंधुभगिनींनो, समत्वाचे निरूपण आपण ग्रंथांतून पुष्कळ ऐकतो. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी ते जमिनीवर आखून दाखविले. ही व्यवस्था आता पुष्कळ ठिकाणी मोडली आहे. नदीवर वरच्या अंगास मोठी धरणे झाली, विहिरींवर यंत्रे बसली, ज्याच्यापाशी पैसा त्याचे पाणी, असा न्याय रूढ झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलचा केळीचा बागायत पट्टा हिरवागार दिसतो; परंतु त्याच्या पोटातील पाणी वर्षानुवर्षे खोल जात आहे. भावाभावांतील वाटण्यांचेही असेच झाले आहे. पूर्वी एका घराचे नुकसान दहा घरे वाटून घेत. आज एकाचे घर भिजते, दुसऱ्याचे करपते, आणि मध्ये फक्त भिंत असते.

हिशेब

आता थोडा हिशेब मांडू, कारण कृतज्ञतेलाही हिशेब लागतो. तापीच्या ७२४ किलोमीटरांपैकी सुमारे २८२ मध्यप्रदेशात, २२८ महाराष्ट्रात आणि २१४ गुजरातेत. ह्यावरून वाटेल की तिन्ही प्रांतांचा वाटा जवळजवळ सारखा. परंतु जेथून जेथून पाणी गोळा होऊन तिला मिळते ते खोरे पाहा. ते सुमारे ६५,१४५ चौरस किलोमीटरांचे आहे. त्यापैकी जवळजवळ चार पंचमांश महाराष्ट्रात, आणि गुजरातेत शंभरात सहा भागही नाही. पन्नास किलोमीटरांहून अधिक लांबीच्या चौदा उपनद्या तिला मिळतात, दहा डावीकडून आणि चार उजवीकडून.

ह्याचा अर्थ असा की सुरतेच्या नळाला जे पाणी येते त्यातील फार मोठा भाग वऱ्हाडात, खानदेशात, नाशिकच्या डोंगरांत आणि सातपुड्याच्या रानात पडलेल्या पावसाचा आहे. आपण येथे ज्या नदीला 'सुरतेची तापी' म्हणतो, ती सुरतेत आल्यावर तापी झालेली नाही. अनेकींनी आपापली नावे टाकली, तेव्हा हे एक नाव उभे राहिले.

आणि नद्यांच्याच वाटेने माणसेही आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे लोहमार्ग झाला. नंदुरबार, अमळनेर, जळगाव ही गावे त्यावर सुरतेशी जोडली गेली. मागांवर, कारखान्यांत, बांधकामांवर पोट भरण्यास निघालेल्या माणसांनी तोच उतार धरला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली ह्या वस्त्यांत आज खानदेशाचा केवढा भाग वसला आहे! श्रावणात कानबाईचे रोट ज्या घरांत होतात, ती घरे म्हणजे ह्या शहराला मिळालेल्या उपनद्याच होत.

ह्या हिशेबात एक ऋण आणखी आहे. १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाखाली दीडशेहून अधिक गावे गेली. त्यांतील बहुसंख्य माणसे आदिवासी. त्यांची घरे, देवस्थाने, पूर्वजांची स्मशाने त्या पाण्याखाली आहेत. त्या जलाशयाने आपल्या शहराला पाणी दिले, प्रकाश दिला, पुरापासून पुष्कळ अंशी संरक्षण दिले. घरातला दिवा लावताना ज्यांचा दिवा त्यासाठी मालवला त्यांचे स्मरण होत नसेल, तर आपली देवपूजा अपुरी आहे.

सुरतेचा अनुभव

संथ नदीला गरीब समजू नये, हेही सुरत जाणते. तापी मुखाशी इतका गाळ टाकी की मोठी गलबते शहरापर्यंत येऊ शकत नसत आणि सुवाळीला नांगर टाकीत. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तिने शहरात प्रवेश केला, तो वडीलधाऱ्यांना आठवतो. तरुणांना आठवते ते २००६. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाईतून सुमारे नऊ लाख घनफूट पाणी दर सेकंदाला सोडले गेले आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. ९ तारखेस रक्षाबंधन होते. बहिणी एका छतावर आणि भाऊ दुसऱ्या छतावर, असा तो सण गेला.

तेव्हा कित्येकांनी तापीला बोल लावला. परंतु विचार करावा. जे पाणी आपण वर्षभर आपले म्हणून पीत होतो, तेच पाणी त्या दिवशी आले होते. फक्त थोड्या वेळात फार आले. मध्यप्रदेशात, वऱ्हाडात आणि खानदेशात काय घडते आहे ह्याची विचारपूस आपण एरवी कधीच करीत नाही. त्या दिवशी प्रत्येक सुरतकर विचारीत होता, "वर पाऊस थांबला का?" संकटाने आपणांस वरच्या गावांची आठवण करून दिली. संकट सरले आणि आठवणही सरली.

ह्या जगात प्रत्येक गाव कोणाच्या तरी खालच्या अंगास आणि कोणाच्या तरी वरच्या अंगास असते. वरून आलेले आपण घेतो, खाली काय धाडतो ते पाहत नाही. नदीत टाकलेले निर्माल्य, रंगविलेल्या मूर्ती, कारखान्याचे सांडपाणी हे आपल्या दृष्टीआड गेले म्हणजे नाहीसे झाले, असे आपण मानतो. आपल्या खालच्या अंगासही मच्छीमारांची घरे आहेत. ह्या ओवाऱ्यावरून आपण जे 'अर्पण' करतो, ते त्यांच्या जाळ्यांत सापडते. जे आपण स्वतः ओंजळीत घेऊन कपाळाला लावणार नाही, ते मातेच्या पदरात कसे घालावे?

संवरण राजाची चूक

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. महाभारताच्या आदिपर्वात तपतीचे आख्यान आहे. गंधर्वाने अर्जुनाला 'तापत्य' अशी हाक मारली, तेव्हा अर्जुनाने विचारले, "आम्ही तर कुंतीपुत्र, आम्हांस तापत्य का म्हणतोस?" तेव्हा गंधर्वाने सांगितले की, सूर्याची कन्या तपती ही तुमच्या वंशाची माता. राजा संवरण मृगयेस गेला असता त्याचा घोडा तहानभुकेने पडला, आणि पायी हिंडणाऱ्या राजाला पर्वतावर ती सूर्यकन्या दिसली. तिच्या प्राप्तीसाठी त्याने सूर्याची आराधना केली, गुरू वसिष्ठांचे स्मरण केले. वसिष्ठांनी सूर्याकडे जाऊन तपतीला आणले आणि विवाह झाला.

येथपर्यंतची कथा सर्वांना आवडते. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. विवाहानंतर राजा राजधानीस परतलाच नाही. राज्य प्रधानावर सोपवून तो बारा वर्षे त्या पर्वतावर सुखात रमला. आणि त्या बारा वर्षांत त्याच्या राज्यात पाऊस पडला नाही. प्रजा अन्नान्न करीत देशोधडीस लागली. अखेर वसिष्ठ गेले आणि त्यांनी राजाला तपतीसह परत आणले. तो परतला, तेव्हा पाऊस आला. पुढे त्या दोघांच्या पोटी कुरू जन्मला, ज्याच्या नावाने कुरुवंश प्रसिद्ध झाला.

संवरणाने कोणते पाप केले होते? त्याने कोणाला लुबाडले नाही, कोणाचा घात केला नाही. आपल्याच पत्नीसह तो सुखात होता. त्याचा दोष एवढाच की जेथून तो आला होता तेथे तो परतला नाही. जेथे सुख लाभले तेथेच राहिला, आणि मागे राहिलेली भूमी करपत गेली.

बंधुभगिनींनो, ही कथा आपलीच आहे, असे मला वाटते. गावाकडे शेत आहे, विहीर आटली आहे, घरात वृद्ध आईबाप आहेत. आपण येथे पोटासाठी आलो, ह्यात पाप नाही. परंतु पोट भरल्यावरही मागे वळून न पाहणे, ही संवरणाची चूक. आणि ज्यांनी जन्म देऊन वाढविले त्यांच्या वाट्याला दुष्काळ यावा, तो ह्याच चुकीपायी.

माहेर

मग इकडून तिकडे काय जाते? नदी तर कधी उलटी वाहत नाही. एकदा निघाली की निघाली, जन्माची सासुरवाशीण. आपल्या खानदेशात आखाजीला प्रत्येक लेक माहेरी येते, झोका खेळते, आईच्या हातचे खाते. तापीला मात्र पात्राच्या वाटेने मुलताईस जाता येत नाही.

परंतु तिचा पिता कोण? सूर्य! जी नदी सागराला मिळते, तिचे पाणी तो आपल्या किरणांनी वर उचलतो. आणि ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येचा मोसमी वारा जेव्हा अरबी समुद्रावरून येतो, तेव्हा त्याची एक शाखा नर्मदा आणि तापी ह्यांच्याच खोऱ्यांतून, त्यांच्या प्रवाहाच्या नेमक्या उलट दिशेने, मध्यभारताकडे चढत जाते. सागर अवघा एक आहे. तोच थेंब परततो, असे कोणी म्हणणार नाही. तथापि सुरतेच्या किनाऱ्यावरून ढग निघतात, खानदेशावर, वऱ्हाडावर बरसत सातपुड्याला जाऊन भिडतात, आणि मुलताईचे तळे पुन्हा भरते. ज्या वाटेने लेक सासरी आली, त्याच वाटेने पिता तिला दरवर्षी माहेरी पोहोचवितो. तिचा जन्मोत्सव आषाढात असावा, हे किती यथार्थ आहे! ती त्या वेळी खरोखरच पुन्हा जन्मास येत असते.

आजी, उशिरा का होईना, हे तुमच्या प्रश्नाचे उत्तर. पाणी परत जाते. ते खारट सागरातून निघते, परंतु गोड होऊन जाते. सागराचे मीठ खाली ठेवून केवळ जीवन तेवढे घेऊन जाते. शहरातून गावाकडे जाणाऱ्यानेही असेच जावे. शहराचा तोरा, पैशाची ऐट, भावाभावांतील हेवेदावे हे मीठ येथेच ठेवावे, आणि ढगासारखे हलके व भरलेले होऊन जावे.

म्हणून ह्या जयंतीस आपण तीन गोष्टींचा संकल्प करू. पहिली : प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावची नदी, नाला, ओढा कोणता आणि तो वाहत वाहत तापीपर्यंत कसा येतो, हे मुलांना सांगावे. सुरतेत जन्मलेल्या बालकास आपले गोत्र सांगता येते. त्याला आपल्या पाण्याचेही गोत्र सांगता यावे. दुसरी : आखाजीस अथवा कानबाईच्या वेळी गावी जाताना वर्षाच्या कमाईतील काही भाग गावच्या पाण्यासाठी न्यावा. विहिरीचा गाळ काढावा, बंधाऱ्याची डागडुजी करावी, आणि ते आपल्या एका शेतापुरते करू नये, फडाच्या न्यायाने सर्वांसाठी करावे. गावी आईवडील असतील त्यांना पैशांबरोबर आपले चार दिवसही द्यावेत. तिसरी : ह्या मातेत निर्माल्य किंवा मूर्ती विसर्जित करू नये. निर्माल्य झाडांच्या मुळाशी जावे, मूर्ती कृत्रिम कुंडात जावी. आपला हात आपण आवरला, तरच कारखानदाराला हात आवर म्हणण्याचे तोंड आपल्याला राहील.

सुरतेच्या अश्विनीकुमार घाटाशी लोक एक कथा सांगतात. सूर्यपुत्र कर्णाला शेवटचा अग्नी तापीच्या तीरी, आपल्या बहिणीच्या काठी मिळाला. जन्मतःच नदीत सोडून दिलेला तो पुत्र अखेरीस एका नदीपाशीच आला. आपल्यापैकीही अनेकांची अखेरची वाट त्याच घाटाकडे जाते. त्या दिवशी तापी आपल्याला विचारणार नाही की तू कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या उपनदीच्या काठचा. पूर्णेला तिने विचारले नाही, आपल्यालाही विचारणार नाही. परंतु आपले अंतःकरण त्या क्षणी एक प्रश्न अवश्य विचारील : वरून एवढे आले, तू परत काय धाडलेस?

त्या प्रश्नाला उत्तर देता येईल असे आयुष्य सूर्यकन्या तापीमाता आपणां सर्वांकडून घडवो, तिच्या वरच्या काठी सुकाळ असो, खालच्या काठी आरोग्य असो, आणि मधल्या काठी बसलेल्या आपणांस दोन्ही काठांचे स्मरण राहो, एवढीच तिच्या चरणी प्रार्थना.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!